नफ्याचा दर घसरतो कारखान्यात, मग आधी कोसळतात बँकाच, असं का?

अर्धवटराव

मार्क्सच्या 'भांडवल'चा तिसरा खंड वाचताना एका जागी गाडी अडली आहे. १३ ते १५ या प्रकरणांत नफ्याच्या दराच्या घसरणीचा नियम येतो. यंत्रं वाढतात, त्या मानाने राबणारे हात कमी पडतात, वरकड मूल्य (मजुरीपेक्षा जास्त निर्माण होणारं, मालकाकडे उरणारं मूल्य) हातांतूनच निघत असल्याने दर उतरतो. इथवर ठीक. पुढे पाचव्या भागात हुंड्या, वटाव (हुंडीचे पैसे मुदतीआधी थोडे कापून देणं), व्याज, काल्पनिक भांडवल यांचं जंगल सुरू होतं आणि आधीचा नियम जणू गडप होतो.

नियम उत्पादनातला असेल, तर इंग्लंडमधलं १८५७ चं अरिष्ट असो की २००८ चं, आग आधी बँकांत आणि रोखेबाजारातच का लागते? दर मोजायचा झाला तर भाजकात नेमकं काय घालायचं? स्थिर भांडवल (यंत्रं, कच्चा माल) अधिक अस्थिर भांडवल (मजुरी) म्हणजे वर्षभराचा खर्च धरला, तर येणारा आकडा कुणाच्याच आकड्याशी जुळत नाही. आणि मुळात, मजुरी कमी म्हणून माल खपत नाही आणि म्हणून अरिष्ट येतं, हे सरळ स्पष्टीकरण सोडून एवढ्या वळणाने जायची गरज काय?

खतावणी

भाजकापासून सुरू करतो, कारण या विषयातले निम्मे वाद तिथेच जन्माला येतात.

वर्षभरात खर्च झालेलं भांडवल वेगळं आणि गुंतवून ठेवलेलं भांडवल वेगळं. नफ्याचा दर मोजायचा तो गुंतवलेल्यावर. एक कारखाना घ्या. यंत्रसामग्री १००० ची, दहा वर्षं टिकणारी, म्हणजे वर्षाचा घसारा १००. कच्चा माल वर्षाला २००, मजुरी १००, वरकड मूल्य १००. तुमच्या पद्धतीने भाजक होतो १०० + २०० + १०० = ४००, आणि दर २५ टक्के. पण मालकाच्या खिशातून एका वेळी अडकून पडलेला पैसा किती, ते पाहा. यंत्रांचे १००० तर आहेतच. कच्चा माल आणि मजुरीचा पैसा वर्षातून चार वेळा फिरून येत असेल, तर त्यासाठी ५० आणि २५ एवढीच उचल पुरते. भाजक १०७५, दर ९.३ टक्के. एकच कारखाना, एकच वर्ष, आणि २५ विरुद्ध ९.३! प्रकरण १३ मधले तक्ते सोपे दिसतात, कारण तिथे सगळं भांडवल वर्षातून एकदाच फिरतं असं धरलेलं आहे. तो हिशोब खऱ्या ताळेबंदावर तसाच चिकटवला की गोंधळ होणारच.

(नवी यंत्रं वर्षागणिक झिजतात, त्यामुळे काटेकोर हिशोबात १००० च्या जागी घसारा वजा जाता उरलेली किंमत येईल. इथे यंत्रं नवीकोरी धरली आहेत.)

आता नियम चालवून बघू. मालकाने यंत्रं दुप्पट केली, २००० ची. मजुरी तेवढीच, उत्पादकता वाढल्यामुळे वरकड मूल्य १०० चं १३० झालं. दर १३० भागिले २०७५, म्हणजे ६.३ टक्के. शोषणाचा दर (मजुरीच्या मानाने वरकड मूल्य) वाढला, नफ्याची रक्कम वाढली आणि तरी नफ्याचा दर एक तृतीयांशाने खाली आला. 'नफा तर वाढतोय, मग घसरण कुठली?' या नेहमीच्या हरकतीचं उत्तर इथेच आहे.

पण थांबा. तीच वाढीव यंत्रं निम्म्या किमतीत मिळायला लागली तर भाजक पुन्हा १०७५ आणि दर १२.१ टक्के, मूळ दराच्याही वर. स्थिर भांडवल स्वस्त होणं ही प्रकरण १४ मधली प्रतिकारक प्रवृत्ती हीच. म्हणून ज्याला 'नियम' म्हटलंय, तो घड्याळ लावून येणारा नियम नाही. कोणत्या दशकात कोणती बाजू वरचढ ठरेल, हे आकडे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही आणि जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्याकडून आधी भाजक तपासून घ्यावा.

दर्शनी हुंडी

बँका आधी का कोसळतात, या प्रश्नाचं निम्मं उत्तर वरच्याच आकड्यांत आहे. फक्त त्यात उसना पैसा घालायचा राहिला.

समजा १००० च्या भांडवलात मालकाचे स्वतःचे २०० आणि ५ टक्क्यांनी काढलेलं कर्ज ८००. व्याज ४० ठरलेलं. नफ्याचा दर ९.३ टक्के असताना एकूण नफा ९३, व्याज जाऊन ५३ उरले, म्हणजे स्वतःच्या पैशावर २६.५ टक्के. दर ६.३ वर आला की ६३ वजा ४०, उरले २३, म्हणजे ११.५ टक्के. दर ४ टक्क्यांवर आला की हातात शून्य. कारखान्यातला दर अजून शून्याच्या बराच वर आहे, यंत्रं चालू आहेत, माल विकला जातो आहे, पण मालक पुढच्या हप्त्यापर्यंत श्वास रोखून बसला आहे. उत्पादनातली सावकाश घसरण कर्जाच्या भिंगातून अशी मोठी होऊन दिसते. त्यात मालक काय करतो? हप्ता भरायला नवं कर्ज काढतो. म्हणजे दर उतरत असतानाच पतपुरवठा फुगतो आणि काही काळ सगळं आलबेल दिसतं. अरिष्टाच्या अगदी तोंडावर धंदा सर्वांत तेजीत दिसतो, हे निरीक्षण तिसऱ्या खंडात आहे, ते यामुळेच.

दुसरी पायरी हुंड्यांची साखळी. सूतवाल्याने कापडवाल्याला तीन महिन्यांच्या उधारीवर १०० चं सूत दिलं. कापडवाल्याने व्यापाऱ्याला १०० चं कापड उधार दिलं, व्यापाऱ्याने सूतवाल्याला १०० चा कापूस. तिघांची देणी ३००, पण सगळी एकमेकांत वळती केली तर रोकड लागते शून्य. पैसा इथे हिशोबाचं माप म्हणून काम करतो, हजर असावा लागत नाही. आता व्यापारी बुडाला. सूतवाल्याची हुंडी आता कुणी वटवत नाही, कापडवाल्याला मिळायचे १०० येत नाहीत, आणि दोघांनाही आपापलं देणं रोख भागवायची वेळ येते. कालपर्यंत शून्य रोकड लागणाऱ्या व्यवहाराला आज दोनशे-तीनशे लागतात, आणि तेही सगळ्यांना एकाच आठवड्यात. माल गोदामात भरलेला असतो, पण त्याला कुणी विचारत नाही, सगळे फक्त पैसा मागतात. पहिल्या खंडाच्या तिसऱ्या प्रकरणात, पैसा हे देणी भागवण्याचं साधन म्हणून कसं काम करतं त्याच्या विवेचनात, हेच मांडलंय. तिसऱ्या खंडाआधी ती पानं पुन्हा वाचा, पूल तिथे आहे.

तिसरी पायरी काल्पनिक भांडवलाची. एखादा रोखा वर्षाला ५ देतो. बाजारातला व्याजदर ५ टक्के असेल तर त्याची किंमत १००. व्याजदर ४ वर आला की १२५, ८ वर गेला की ६२.५. रोख्यामागचा कारखाना तसूभरही बदललेला नाही. सरकारी रोख्याच्या बाबतीत तर मागे कारखानाही नाही. ते पैसे केव्हाच खर्च होऊन गेले, उरला तो पुढच्या करांवरचा हक्क. काल्पनिक म्हणजे खोटं नव्हे. हक्क कायदेशीर आहे, विकता येतो, तारण ठेवता येतो. फक्त तो चालू भांडवलाचा भाग नसून भविष्यातल्या वरकड मूल्यावरचा दावा आहे, आणि दावे मूल्यापेक्षा कितीतरी वेगाने छापता येतात.

ते मोडतं कसं, ते २००७-०८ च्या रेपो बाजारात, म्हणजे रोखे तारण ठेवून अल्पमुदतीची उचल घेण्याच्या बाजारात, उघड दिसलं. १०० चे रोखे तारण ठेवून ९८ उचलता येत असतील, म्हणजे हेअरकट २ टक्के असेल, तर २ रुपयांच्या स्वतःच्या भांडवलावर १०० चे रोखे बाळगता येतात. सावकाराला शंका आली आणि त्याने हेअरकट १० टक्के केला. आता त्याच २ रुपयांवर फक्त २० चे रोखे पेलतात. उरलेले ८० विकायचे, आणि शेजारचाही तेच विकतोय. किंमत पडते, तारणाचं मोल उतरतं, हेअरकट आणखी वाढतो. कुणीही दिवाळखोर नसताना सुरू झालेली विक्री आठवड्याभरात सगळ्यांना दिवाळखोर करून सोडते.

तळटीप

वरचं विवेचन पटतं, पण एक भेद निसटला. प्रत्येक बँक-अरिष्टामागे घसरता नफादर शोधायचाच, असा मार्क्सचा आग्रह नाही. तुम्ही सांगता त्याच तिसऱ्या प्रकरणाच्या एका तळटिपेत दोन प्रकार वेगळे काढले आहेत. एक, सर्वसाधारण अरिष्टाचा टप्पा म्हणून येणारी पैशाची टंचाई. दुसरी, स्वतंत्रपणे उद्भवणारी, जिचं केंद्र बँका, शेअरबाजार आणि पैशाचा व्यवहार असतं आणि जी उद्योगावर नंतर, उलटून आदळते. प्रत्येक पडझडीला 'पाहा, नियम सिद्ध झाला' म्हणणारे ही तळटीप वाचत नाहीत.

चुकीचा कायदा टंचाई किती चिघळवू शकतो, याचा नमुना म्हणून इंग्लंडचा १८४४ चा बँक कायदा पाहावा. त्याने बँक ऑफ इंग्लंडचे दोन विभाग केले, नोटा काढणारा आणि बँकिंग करणारा. सुरुवातीला १ कोटी ४० लाख पौंडांपर्यंतच्या नोटा रोख्यांच्या आधारावर काढायची मुभा होती, त्यावरची प्रत्येक नोट सोन्याच्या बदल्यात. कल्पना अशी की सोनं बाहेर गेलं की नोटा आपोआप घटतील आणि किमती ताळ्यावर राहतील. प्रत्यक्षात, जेव्हा देणी भागवायला रोकड सर्वांत जास्त हवी नेमकी तेव्हाच कायदा ती आखडून घ्यायचा. नोटा विभागाच्या तिजोरीत सोनं पडून, आणि शेजारच्या बँकिंग विभागाचा राखीव निधी तळाला! १२ नोव्हेंबर १८५७ ला हा निधी सहा लाख पौंडांच्या आत होता आणि ठेवी होत्या सुमारे सव्वादोन कोटींच्या. त्या दिवशी सरकारने कायदा स्थगित केला.

तीन वेळा स्थगित करावा लागला तो: १८४७, १८५७ आणि १८६६, ओव्हरेंड गर्नी ही वटाव पेढी बुडाली तेव्हा. यातली गंमत अशी की मर्यादेबाहेर नोटा प्रत्यक्षात काढाव्या लागल्या त्या फक्त १८५७ मध्ये. १८४७ आणि १८६६ ला स्थगितीचं पत्र निघालं एवढ्यानेच, घाबरून दडवलेल्या नोटा बाहेर आल्या आणि गर्दी ओसरली. म्हणजे टंचाईतला मोठा भाग कायद्याच्या भीतीने तयार झाला होता. या कायद्याची, १८४७ आणि १८५७ ची चर्चा तिसऱ्या खंडाच्या प्रकरण ३४ मध्ये आहे, आणि प्रकरण ३० मधला मुद्दा नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे: अडाणी बँक कायदा पैशाची टंचाई वाढवू शकतो, पण शहाणा बँक कायदा अरिष्ट टाळू शकत नाही. नोटा कितीही छापल्या तरी न खपणारं कापड खपत नाही.

अपुऱ्या खपाबद्दल. मजुरांची ऐपत कमी म्हणून अरिष्ट, हा सिद्धांत मार्क्सच्या आधीपासून आहे, त्यामुळे त्याचं नाव घेऊन तो खपवायची गरज नाही. दुसऱ्या खंडाच्या २० व्या प्रकरणात तो फेटाळताना साधा आक्षेप आहे: अरिष्टाच्या लगेच आधीच्या काळात मजुरी सहसा वाढलेली असते. या सिद्धांताप्रमाणे तर तेव्हा अरिष्ट टळायला हवं. उलट बाजूने, तिसऱ्या खंडाच्या ३० व्या प्रकरणात जनतेचा मर्यादित उपभोग हेच खऱ्या अरिष्टांचं अंतिम कारण, अशा अर्थाचं वाक्यही आहे. दोन्ही गट आपापलं वाक्य घेऊन शंभर वर्षं भांडतायत. दुसरा खंड १८८५ चा आणि तिसरा १८९४ चा, दोन्ही एंगल्सने हस्तलिखितांवरून लावलेले, आणि तिसऱ्याचं मूळ हस्तलिखित १८६४-६५ चं, म्हणजे दुसऱ्यातल्या बऱ्याच मजकुराहून जुनं. पाचवा भाग तर सर्वांत विस्कळीत अवस्थेत मिळाला होता. अशा मजकुरातलं एकच वाक्य उचलून सिद्धांत उभा करू नये. मजुरांची मर्यादित ऐपत ही भांडवलशाहीत कायमची अट आहे. कायमची अट एखाद्या ठरावीक वर्षीच्या पडझडीचं कारण होऊ शकत नाही, तिच्यात आणखी काहीतरी बदलावं लागतं.

अर्धवटराव

हुंड्यांची साखळी आणि हेअरकट यांनी बरंच सुटलं. मग २००८ कुठल्या खात्यात टाकायचं? स्वतंत्र पैशाचं अरिष्ट की नफादराचं? आणि अमेरिकेचा नफादर स्वतः काढून बघायचा असेल तर कुठून सुरुवात करायची?

दर्शनी हुंडी

घटनाक्रम तरी वादातीत आहे. अमेरिकेत फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर जून २००३ मध्ये १ टक्क्यावर आणला आणि पुढे वाढवत जून २००६ पर्यंत ५.२५ वर नेला. दरम्यान वाटलेल्या दुय्यम प्रतीच्या गृहकर्जांपैकी पुष्कळ '२/२८' जातीची होती, दोन वर्षं ठरलेला हप्ता आणि पुढची अठ्ठावीस वर्षं बदलता. घरांच्या किमती चढत्या असेपर्यंत दोन वर्षं संपली की नवं कर्ज काढून जुनं फेडलं जायचं. किमती थांबल्या आणि तो रस्ता बंद झाला. ९ ऑगस्ट २००७ ला बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने आपले तीन फंड गोठवले, कारण आतल्या रोख्यांची किंमतच ठरवता येईना. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ही गुंतवणूक बँक बुडाली. दुसऱ्याच दिवशी रिझर्व्ह प्रायमरी या, रोकडीइतक्याच सुरक्षित मानल्या जाणाऱ्या फंडाचं युनिट एका डॉलरच्या खाली गेलं, कारण त्याच्याकडे लेहमनचे ७८.५ कोटी डॉलरचे कागद होते. रोकड मानली जाणारी वस्तू रोकड नाही म्हटल्यावर मोठमोठ्या कंपन्यांना रोजच्या खर्चासाठी अल्पमुदतीचं कर्जही मिळेना, आणि अरिष्ट उद्योगात उतरलं.

मला वाटतं, 'कुठल्या खात्यात' हा प्रश्नच थोडा चुकतो. ठिणगी कुठे पडली हे एक, आणि एवढं सुकं गवत साचलं कसं हे दुसरं. उद्योगात पुरेसा नफा मिळत असता तर एवढा पैसा कामगारांच्या घरकर्जांच्या मागे लागला असता का? त्या कर्जांचं व्याज वरकड मूल्यातून येत नाही, मजुरीतून येतं, आणि मजुरी तर वाढत नव्हती. असा दावा फार काळ फुगू शकत नाही.

तळटीप

'मिळत असता तर' यावरच तर वाद आहे! त्या काळात उद्योगातला नफादर खरंच पडलेला होता का, हे मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञांतच ठरलेलं नाही. यंत्रांची किंमत आजच्या भावाने धरली तर १९८० च्या सुरुवातीपासून अमेरिकेतला दर सावरलेला दिसतो, आणि मग २००८ चं मूळ वित्तक्षेत्रात किंवा थिजलेल्या मजुरीत शोधावं लागतं. अँड्र्यू क्लिमनसारखे लोक यंत्रं घेतानाची किंमत धरतात. त्यांच्या हिशोबात टिकाऊ सुधारणा झालेलीच नाही.

खतावणी

मापनाचा रस्ता सांगतो. ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अ‍ॅनालिसिस या अमेरिकी सरकारी आकडेवारी संस्थेच्या संकेतस्थळावर राष्ट्रीय उत्पन्नाचा तक्ता १.१४ उघडा. त्यात बिगरवित्तीय कंपन्यांचं मूल्यवर्धन, घसारा आणि कामगारांचा मोबदला वेगवेगळ्या ओळींत आहे. एकूण मूल्यवर्धनातून घसारा आणि मोबदला वजा करा. उरतं ते व्याज, कर आणि नफा मिळून. वरकड मूल्याच्या जवळ जाणारा सर्वांत व्यापक आकडा हाच. नुसता करोत्तर नफा घेतलात तर करकपातीच्या वर्षी दर उसळेल आणि तुम्हाला वाटेल भांडवलशाही तरुण झाली.

भाजकासाठी स्थिर मालमत्तेचे तक्ते: ४.१ आजच्या किमतीने, ४.३ मूळ खरेदी किमतीने. दोन्हींत बिगरवित्तीय कंपन्यांची ओळ वेगळी मिळते. आकडा वर्षअखेरचा असतो, म्हणून या वर्षीच्या वरकडाला मागच्या वर्षअखेरच्या साठ्याने भागा. घसाऱ्याचीही जोडी सांभाळा. तक्ता १.१४ मधला घसारा चालू किमतीचा आहे. भाजक मूळ किमतीचा घेणार असाल तर घसाराही मूळ किमतीचा लागेल, नाहीतर अंशात एक भाव आणि छेदात दुसरा, अशी खिचडी होते. महागाईच्या १९७० च्या दशकात हा फरक डोळ्यात भरण्याइतका मोठा असतो. महागाईत जुन्या यंत्रांची आजची किंमत फुगते आणि चालू किमतीचा दर जास्त खाली दिसतो, मग महागाई ओसरली की तोच दर जास्त सावरलेला दिसतो. १९८० नंतरच्या सुधारणेवरच्या वादात या परिणामाचा मोठा हात आहे.

जपानी अर्थशास्त्रज्ञ ओकिशिओचं १९६१ चं प्रमेय, की वास्तव मजुरी तेवढीच असेल तर खर्च वाचवणारं तंत्र नफादर वाढवतंच, याच फाट्यावर उभं आहे. तिथे आदान आणि उत्पादन दोन्हींना एकाच वेळची किंमत लावली जाते. यंत्र काल महाग घेतलं आणि माल आज स्वस्त विकावा लागला, असा काळाचा क्रम धरला तर निष्कर्ष तसा उरत नाही. मालकाने कर्ज मात्र कालच्या किमतीवर काढलेलं असतं. ताळेबंदातली ही बाजू मला तरी जास्त खरी वाटते, म्हणून आधी मूळ किमतीचा आलेख काढावा, आणि मग चालू किमतीचा त्यावर ठेवून दोघांत कुठे फाटा फुटतो ते बघावं.

दरासोबत नफ्याच्या रकमेचाही आलेख काढा. दर वर्षानुवर्षं उतरत असतो, तेवढ्याने काही होत नाही, कारण रक्कम वाढत असते आणि तिच्यातून व्याज सुटतं. प्रकरण १५ मध्ये ज्याला भांडवलाचा निखळ अतिसंचय म्हटलंय तो बिंदू येतो रक्कम थांबल्यावर: १००० वर १०० मिळत होते, ११०० वर ९८ मिळतात. मग नव्या शंभराला जागा मिळते ती कुणाचे तरी जुने शंभर बंद पाडूनच, आणि तोटा कुणाच्या गळ्यात मारायचा यावर मारामारी सुरू होते. बँकेने कुणाची हुंडी नाकारायची हे ठरतं ते इथे. अरिष्टात बुडालेल्या कंपनीची यंत्रं दुसरा पाव किमतीत उचलतो, त्याचा भाजक घटतो आणि दर वर येतो. सरकारने सगळ्यांना वाचवलं तर ही साफसफाई अर्धवट राहते, आणि भाजक तसाच जड राहतो.

वित्तीय कंपन्यांची ओळ यात मिसळू नका. त्यांचं व्याजाचं उत्पन्न तुम्ही वर बिगरवित्तीयांच्या वरकडात आधीच मोजलेलं आहे, दोन्ही जोडलंत तर तोच पैसा दोनदा येतो. गृहकर्जाचं व्याज तर त्यातही नाही, ते मजुरीच्या ओळीतून गेलेलं आहे.